शेवटचं कडवं गाळायचं नाही

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी कॉलेजात जाऊनही लिहिण्यात हुशार ठरलेलो नाही. हैदराबादेला आमचं सगळं शिकणं उर्दूत, इंग्रजी हा एक विषय, आणि मराठी म्हणजे घरी पाठवायच्या पत्रांपुरती. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या पंगतीला बसण्याची माझी लायकी नाही, हे मला माहीत आहे. ज्या गाण्याबद्दल लिहायचं ते माझं नाही आणि ज्या कायद्याबद्दल लिहायचं तोही मला अर्धामुर्धाच कळलेला. मी फक्त मधे कागद वाचणारा होतो. तरी लिहितो, कारण ज्यांनी हे केलं त्यांना लिहिता येत नाही. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "माजी खूण गान्यात हाय तेवढी बास."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर आखाडा बाळापूरच्या अंगाला, एका लहान गावात. पण दर साली हळद शिजवायच्या दिवसांत ती कुरुंद्याला, आपल्या माहेरी, आमच्या घरी यायची. तिच्याशिवाय आमच्या खळ्यावर बायका बसत नसत. शेतातून काढलेल्या हळदीचे गड्डे समोर ओतलेले असायचे, त्यांना फुटलेली बोटं, म्हणजे हळकुंडं, मोडून वेगळी करायची, आणि पलीकडे कढईखाली हळदीचाच वाळला पाला जळत असायचा. काम कंटाळवाणं. ते गाण्यावर चालायचं, आणि गाणी आत्याची असायची. ती अंगठेबहाद्दर. गाणं तिच्या डोक्यात व्हायचं आणि तोंडून निघायचं. मग ते सगळ्या खळ्यांवर जायचं, कुणी विचारायचं नाही.

मात्र एक नेम होता. गाणं करणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपली खूण घालायची, आणि म्हणणाऱ्यानं ती म्हणायचीच. मधलं एखादं कडवं विसरलं, मागेपुढे झालं, तर कुणी बोलत नसे. शेवटचं गाळलं तर बायका हातातलं काम थांबवायच्या. आत्याची खूण तिच्या नावाची नव्हती. लग्नात तिचं नाव बदललं होतं आणि त्यातलं कोणतं गाण्यात घालावं हे तिला ठरवता आलं नसावं. तिनं माहेर घातलं. हळदीच्या गाण्याचं तिचं शेवटचं कडवं असं:

कुरुंद्याची लेक म्हणे, रंग कधी जायचा न्हाई,
सासरच्या पान्याला गं, माहेराची वळख हाई.

देश स्वतंत्र व्हायच्या दीडेक वर्ष आधी, हळदीच्याच दिवसांत, आमच्या शेजारच्या घरी त्यांचे जावई आले. ते पुण्याच्या एका फिल्म कंपनीत पेटी वाजवायचे. दुपारी सासऱ्याबरोबर खळं बघायला आले आणि गाणं ऐकून तिथंच पोत्यावर बसले. खिशातून वही काढली, लिहून घ्यायला लागले.

आमच्या बायकांची आणखी एक रीत आहे. खळ्यावर पाहुणा आला की चालू गाण्यात त्याच्यावर एक कडवं जागच्या जागी जोडायचं. ते कडवं त्या पाहुण्याचं. ते पुन्हा दुसऱ्या पाहुण्यापुढे म्हणायचं नाही. आदल्या दिवशी जावईबापूंना सासुरवाडीचा ठेचा झेपला नव्हता, ही बातमी अर्थातच खळ्यावर पोचलेली होती. आत्यानं मान वर न करता उचललं:

पुण्याचा आला जावई, संगं पेटी घेऊन गं,
मिरचीचा घास लागला, पानी मागतो गाऊन गं.

ते हसले आणि तेही लिहून घेतलं. तेवढ्यात सासूबाईंकडून जेवणाचा निरोप आला. सासुरवाडीत जावयाला नाही म्हणता येत नाही. ते उठले.

"गानं संपू द्या की जावईबापू," आत्या म्हणाली.

"झालंच की मावशी. चाल मिळाली, शब्द मिळाले."

"व्हय? मंग जावा. भात निवून जाईल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा पुण्याहून जाड पाकीट येऊन पडलेलं होतं. आत इंग्रजीत टाईप केलेली दोन पानं आणि मराठीत हातानं लिहिलेलं एक पान, म्हणजे गाणं. जावईबापूंच्या निरोपाप्रमाणे हे गाणं आपल्या पुढच्या फिल्ममध्ये घ्यायचं कंपनीनं ठरवलं होतं, आणि त्यासाठी आत्यानं कागदावर अंगठा करायचा होता. हळद वाळून पॉलिश व्हायची राहिली होती, म्हणून आत्या अजून आमच्याकडेच होती. ओट्यावर दादा, म्हणजे माझे वडील, बसले. आत्या बसली. शेजारच्या चार बायका उगाच दळण टाकून आल्या.

मी दोन पानं मोठ्यानं वाचली. दादांना इंग्रजी नुसतं ऐकायला आवडायचं. मी वाचत असलो की ते डोळे मिटून ऐकायचे, जणू पोथी चाललीय. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी आपला आवाज आवडला. वाक्यं एवढी लांब होती की एकेका वाक्यात श्वास संपत होता. शब्द निम्मे ओळखीचे, पण एकापुढे एक ठेवले की कळेनासे. तसं म्हणायचं सोडून मी म्हणालो, "ते परवानगी मागताहेत. गाणं फिल्ममध्ये घ्यायची."

"देऊन टाक अक्का," दादा म्हणाले आणि दौत आणायला उठले.

आत्यानं अंगठा पदराला पुसला. मग म्हणाली, "आदी गानं तं वाच. काय लिवलंय बघू."

मी तिसरं पान वाचलं. हळद मोडायचं कडवं, पिवळ्या हातानं घागर भरायचं कडवं, लेकराच्या टोपड्याला लागलेल्या रंगाचं कडवं. आत्या हलकं हलकं मान हलवत होती. मग मी पुण्याच्या जावयाचं आणि मिरचीचं कडवं वाचलं, आणि बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"आगं बया, त्यानं आपलंच हसं इकत घेतलं," एक म्हणाली.

"हे काहून लिवलं?" आत्या हसत नव्हती. "ते पाव्हन्याचं हाय. ते मला देता येत न्हाई. बरं, म्होरं?"

"संपलं."

"संपलं कसं?"

मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"एक जास्तीचं घालून राहिले अन् एक गिळून राहिले," आत्या म्हणाली. "त्या इंग्रजीत बघ, असंल तिथं. शेवटचं कडवं म्हनतील का, ते लिवलंय का बघ."

मी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि तसं करायचं माझ्या मनात आलंही. पण आत्या ज्या भरवशानं बघत होती त्यापुढे ते जमलं नाही.

"आत्या, मला कळलं नाही," मी म्हणालो. "परवानगीचं जे सांगितलं तेही अंदाजानं सांगितलं."

मला वाटलं, दादा सगळ्यांसमोर बोलतील. त्यांनी दौत उचलून परत कोनाड्यात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग कळून घे. त्याच्यासाठीच धाडून राहिलो तुला." आणि आत्याला म्हणाले, "पोरगं खोटं न्हाई बोललं."

दादांनी माझ्याबद्दल चारचौघांत काही चांगलं बोलल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

सुट्टी संपायच्या आधीच मी हैदराबादेला परतलो. आमच्या वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत एक वृद्ध वकील राहत. कोर्टात जाणं त्यांनी सोडलं होतं, पण गरीब विद्यार्थ्यांना अर्ज लिहून द्यायचे. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून त्यांनी वाचला आणि म्हणाले, "मियाँ, ये इजाजत नहीं है. ये बैनामा है. तुम्हारी फूफी गाना दे नहीं रही हैं, बेच रही हैं."

बैनामा म्हणजे खरेदीखत. शेतजमिनीचे कागद आमच्याकडे त्याच नावानं ओळखतात, त्यामुळे त्या शब्दाचं वजन मला लगेच कळलं. मग रोज संध्याकाळी ते मला एकेक ओळ समजावत. इंग्रजी मुलखात, म्हणजे आमच्या निजामी राज्याबाहेर पुण्याकडे, लिहिणाऱ्याचा आपल्या लिहिण्यावर हक्क असतो, तो जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर पन्नास वर्षं. तो हक्क विकता येतो, किंवा आपल्याकडे ठेवून नुसती परवानगी देता येते. परवानगीही एकच नसते. फिल्ममध्ये गाणं ही एक, ग्रामोफोनची तबकडी काढणं ही दुसरी, पुस्तकात छापणं तिसरी. कोणती दिली ते लिहायचं, आणि जे लिहिलं नाही ते दिलं नाही असंही लिहायचं. या कागदात मात्र सगळं, सगळ्या मुलखांत, सगळ्या मुदतीसाठी, आणि वर कंपनीला हवं ते बदलायचा, वाढवायचा, गाळायचा हक्क.

"और खेत में औरतें जो गाती हैं?" मी विचारलं.

"गाती रहेंगी. कौन पकड़ने आता है?" ते म्हणाले. मग बोटानं एक ओळ दाखवली. "मगर कागज पे ये है कि अब किसी और को न दे सकेंगी."

ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. मी खोलीवर जाऊन वहीत चारदा लिहिलं. ग्रंथालयात कायद्याचं पुस्तक काढून बसलो. परीक्षेच्या कोणत्याच पुस्तकाशी मी एवढी झटापट केली नव्हती. शब्दकोशात एक शब्द बघायचा, त्याच्या अर्थात आणखी दोन अडायचे. पण महिन्याभरानं एका संध्याकाळी ते लांब वाक्य मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचलं, आणि ते कळलं. त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं. असतं तर सांगितलं असतं.

पोळ्याला घरी आलो. दादांनी आत्याला बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गोठ्यासमोर, मी माझी वही उघडून समजावायला लागलो आणि पार अडकलो. उर्दूत कळलेलं, इंग्रजीत वाचलेलं, मराठीत सांगताच येईना. हक्क, मुदत, हस्तांतर असे शब्द मी टाकत होतो आणि आत्या शेणाची पाटी हातात घेऊन उभी होती.

दादांनीच सोडवलं. समोर बैल बांधलेले होते, शिंगांचा रंग अजून ताजा होता.

"म्हंजी असं का," ते म्हणाले, "आपन बैल पेरनीपुरता देऊन राहिलो. अन् ते त्याला बाजारात इकल्याचं लिवून घेऊन राहिले."

"बराबर," मी म्हणालो.

"अन् वरून शिंगाचा रंग खरडून नेऊन राहिले," आत्या म्हणाली. "कुनाचा बैल, कळू नये म्हनून."

कायद्याच्या पुस्तकात मला एवढं सरळ वाक्य सापडलं नव्हतं.

पन्नास वर्षांचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं पाटी खाली ठेवली. "मी मेल्यावर पन्नास वर्सं? मंग पन्नास वर्सांनी काय व्हतंय?"

"मग ते सगळ्यांचं."

"आन् आता काय हाय? आताबी साऱ्यांचंच हाय की. मी कुनाला गाऊ नको म्हनलं का कदी? शेवटचं कडवं म्हना अन् खुशाल गा." आणि पाटी पुन्हा उचलत, "चाल तं माजी न्हाईच. आईची हाय. तिची बी न्हाई, तिच्या आईची असंल. चालीचं काई लिवू नको त्या कागदात. ते खोटं व्हईल."

हे मी वहीत तसंच लिहून घेतलं. वकीलसाहेबांनी शब्द आणि चाल वेगळे असतात हे मला आठवडाभर घोकवलं होतं. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी कंपनीला पत्र लिहिलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चार दिवस लागले, कारण एखादा शब्द चुकला तर आत्याचं गाणं जाईल अशी भीती होती. लिहिलं ते एवढंच: शब्द आत्याचे आहेत आणि आत्याचेच राहतील. चाल कुणाच्या मालकीची नाही. एका फिल्मसाठी आणि त्या फिल्मच्या तबकडीसाठी परवानगी आहे, बाकी कशासाठी नाही. खळ्यावर, घरात, कुठेही, कुणीही हे गाणं म्हटलं तर कंपनीनं अडवू नये. पाहुण्याचं कडवं वगळावं, कारण ते पाहुण्याचं आहे. आणि शेवटचं कडवं गाळायचं नाही, फिल्ममध्येही नाही आणि तबकडीवरही नाही. दादा ते पत्र टाकायला वसमतला स्वतः गेले. पाकीट कुडत्याच्या आत ठेवलं होतं, घाम लागू नये म्हणून भोवती केळीचं पान गुंडाळून.

उत्तर जावईबापूंच्या हातचं आलं, साधं पोस्टकार्ड. मालकांना अटी फार वाटतात, तरी ते विचारात आहेत. खरी अडचण तबकडीची आहे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. शेवटचं कडवं घातलं तर गाणं बसत नाही. ते सोडून द्यायला मावशी कबूल होतील का, म्हणजे लगेच काम होईल. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "माझं कडवं मी घरी म्हणतो. बायको चिडते."

मी ते आत्याच्या सासरी जाऊन वाचून दाखवलं. मनातून मला वाटत होतं, आता ही हो म्हणेल. एवढ्या मोठ्या फिल्ममध्ये गाणं जायचं, एक कडवं ते काय. मी तसं बोललोही.

"बसत न्हाई तं मधलं काढा," ती म्हणाली. "घागरीचं काढा."

घागरीचं कडवं सगळ्यांत गोड होतं. खळ्यावर बायका तेच दोनदा म्हणायच्या. तिच्या जावेनं तर कपाळाला हात लावला. "बाई बाई, चांगलंच तेवढं काढायला निघाली."

"चांगलं मी अजून करंन," आत्या म्हणाली. "नाव काई रोज करता येत न्हाई."

मी हैदराबादेत वकीलसाहेबांकडून नवा कागद नीट करून घेतला. आत्याच्या नावापुढे सासरचं गाव होतं, तिच्या सांगण्यावरून 'माहेर कुरुंदा' हेही लिहिलं. हळदीच्या दिवसांत तो घेऊन घरी आलो आणि तिनं अंगठा केला. अंगठा हळदीनं पिवळाच होता, शाईच्या कडेला पिवळी रेघ उठली. कागद पुण्याला गेला. कंपनीची सही होऊन एक प्रत परत यायची होती.

ती आली नाही. पुढे दिवसच तसे आले. इंग्रजी मुलूख स्वतंत्र झाला आणि आमचा निजामी मुलूख अधांतरी राहिला. सरहद्दीवर नाकी बसली, टपाल कधी यायचं कधी नाही, कॉलेज बंद पडलं आणि मी घरी येऊन बसलो. हिंगोलीपलीकडे वाशीम काही फार लांब नाही, पण ते वर्षभर परदेशासारखं झालं. सरहद्दीपलीकडे फिल्म झाली की नाही, गाणं घेतलं की टाकलं, काही कळायला मार्ग नव्हता.

गावात बोलणारे बोलत. एक जण पारावर मला ऐकू येईल असं म्हणाला, "कॉलेजाच्या पोरानं अटी घातल्या, अन् गानं बसलं घरीच." मलाही तेच वाटत होतं. मी कागद कळला नसल्याचं कबूल केलं नसतं, त्याच दिवशी अंगठा झाला असता, तर निदान अर्धं गाणं तरी जगानं ऐकलं असतं. एकदा हे आत्याला बोलून दाखवलं. ती हळद वेचत होती. "अर्दं काय करायचं ऐकून," एवढंच म्हणाली आणि माझ्यापुढे सूप सरकवलं.

निजामाचं राज्य गेलं, नाकी उठली, आणि त्या हिवाळ्यात आखाडा बाळापूरच्या बाजारात पुन्हा वऱ्हाडातले व्यापारी दिसायला लागले. दादांना एक बैल घ्यायचा होता. मी बरोबर होतो. वाशीमकडच्या एका व्यापाऱ्याजवळ त्यांनी दात पाहिले, खुरं पाहिली, आणि पसंत नसल्यासारखं तोंड केलं, म्हणजे बैल पसंत होता.

"कोन्या गावचे पाव्हने?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"कुरुंद्याचे."

तो दावं हातात धरून थांबला. "त्या गान्यातलं कुरुंदं का?"

दादा बैल सोडून त्याच्याकडे वळले. मीच विचारलं, "कोणत्या गाण्यातलं?"

"अकोल्याले थेटरात लागलं ना बाप्पा. मायी बायको दोन डाव जाऊन आली. घरी आल्यापासून मले इचारे, हे कुरुंदं कोठी हाय म्हनून. म्या म्हनलं, मले काय ठाव." मग आजूबाजूला बघत, जरा लाजत, त्यानं ते म्हणून दाखवलं. चाल चुकत होती. शब्द एकही चुकला नाही. घागरीचं कडवं त्यात नव्हतं, पाहुण्याचंही नव्हतं. टोपड्याच्या कडव्यावरून तो थेट शेवटच्यावर आला, आणि ते त्यानं पुरतं म्हटलं, कुरुंद्याच्या लेकीपासून माहेराच्या ओळखीपर्यंत.

"थेटरात हे शेवटचं बी म्हनते का ती बाई?" दादांनी विचारलं. त्यांना माझ्या अटी पाठ होत्या.

"हाओ ना. तेच तं ध्यानात राह्यते."